घरच्या कोंबड्यांची जास्तीची अंडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहा कोंबड्या आणि रोज पाच अंडी, म्हणजे आठवड्याला पस्तीस. चार माणसांच्या घरात एवढी अंडी खाऊन संपत नाहीत. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. मग फ्रीजचा एक कप्पा भरतो, ओट्यावर टोपली येते, आणि खालची अंडी किती दिवसांची आहेत हे कुणालाच सांगता येत नाही. घरी कोंबड्या आल्यापासून मला सगळ्यात जास्त प्रश्न याच टोपलीबद्दल विचारले गेले. त्यांची उत्तरं एका ठिकाणी असावीत म्हणून हे पान.

एकदम एवढी अंडी का येऊ लागतात?

कोंबडी उजेडावर चालते. दिवसाचा उजेड चौदा ते सोळा तासांवर गेला की तिचं अंडी घालणं जोरात येतं, दिवस लहान झाले की मंदावतं. एक अंडं पोटात तयार व्हायला साधारण २५ तास लागतात. त्यातले वीसेक तास नुसत्या कवचावर जातात. त्यामुळे रोजची वेळ थोडी थोडी पुढे सरकते आणि मध्ये एखादा दिवस कोरा जातो. शिवाय एकाच वेळी आणलेल्या तलंगा, म्हणजे अजून अंडी न घातलेल्या तरुण कोंबड्या, पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की जवळपास एकदमच घालू लागतात. कालपर्यंत खुराड्यात एक अंडं मिळत होतं, आणि आठवड्याभरात ओंजळ पुरत नाही. हा पूर कायमचा नसतो. वर्षातून एकदा पिसं गाळण्याचे दिवस येतात, तेव्हा अंडी थांबतात. पुढची सगळी उत्तरं वाचताना हे लक्षात ठेवा, कारण आजची जास्तीची अंडी त्या दिवसांसाठीच राखायची आहेत.

अंडी साठू लागली. सर्वात आधी काय करू?

पेन्सिल घ्या आणि प्रत्येक अंड्यावर तारीख लिहा. मी खुराड्याच्या दारालाच दोऱ्याने पेन्सिल बांधली आहे. अंडं हातात आलं की बोथट टोकावर तारीख, मग टोपलीत. घरात आणून निवांत लिहू म्हटलं की ते राहून जातं.

अंड्याचं वय कळलं की त्याचं काय करायचं हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं. तीन-चार दिवसांच्या अंड्याचा पांढरा भाग दाट आणि एकसंध असतो. ते तव्यावर फोडलं तर पसरत नाही, उकळत्या पाण्यात थेट फोडून शिजवलं तर त्याच्या चिंध्या होत नाहीत. हाफ फ्राय, पोच्ड अंडं यासाठी तेच घ्या. आठ-दहा दिवसांचं अंडं उकडायला चांगलं. त्याहून जुनं केक, कस्टर्ड, ऑम्लेटमध्ये जाऊ द्या, तिथे पांढरा भाग पातळ झाला तरी काही बिघडत नाही. फ्रीझरमध्ये मात्र ताजी अंडी घालायची. आपण नेमकं उलटं करतो: ताजी खातो, आणि महिनाभर पडून राहिलेली 'आता काय करायचं' म्हणून गोठवतो. पूर आला आहे हे दिसताच, पहिल्याच आठवड्यात, रोजच्या गरजेहून वरची अंडी बाजूला काढा आणि गोठवा.

अंडी धुवावीत का?

स्वच्छ असतील तर नको. अंडं बाहेर पडतं तेव्हा त्याच्यावर एक ओलसर थर असतो. तो काही क्षणांत वाळतो आणि कवचाची हजारो बारीक छिद्रं बंद करतो. आतला ओलावा आत राहतो, बाहेरचे जंतू बाहेर. पाण्याखाली चोळलं की हे संरक्षण निघून जातं.

थोडी घाण असेल तर कोरड्या खरखरीत कापडाने किंवा बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. विष्ठा वाळून चिकटलेली असेल तर धुवावंच लागतं, पण कोमट पाण्याने. पाणी अंड्यापेक्षा किमान ११ अंश सेल्सिअस जास्त गरम हवं, हाताला छान गरम लागेल इतकं. गार पाण्यात आतला ऐवज आकसतो आणि छिद्रांतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. भिजत घालू नका, वाहत्या पाण्याखाली धुवा, लगेच पुसून कोरडं करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. धुतलेलं अंडं आधी संपवा.

रोज धुवायची वेळ येत असेल तर दोष अंड्यांचा नाही, घरट्याचा आहे. पेंढा बदला, आणि कोंबड्या रात्री घरट्यात झोपत असतील तर बसायची दांडी घरट्याच्या पातळीहून उंच करा. कोंबडी नेहमी वरची जागा धरते.

बाहेर किती दिवस टिकतात आणि फ्रीजमध्ये किती?

न धुतलेलं, स्वच्छ, तडा नसलेलं अंडं गार जागेत दोन आठवडे सहज राहतं. उकाड्याच्या दिवसांत हा हिशेब धरू नका, त्याच दिवशी फ्रीजमध्ये ठेवा. ४ अंशांच्या आसपास न धुतलेली अंडी दोन महिने चांगली राहतात, बऱ्याचदा त्याहूनही जास्त.

एकदा फ्रीजमध्ये गेलेलं अंडं पुन्हा बाहेर ठेवायचं नाही. गार कवचावर दव धरतं आणि त्या ओलाव्यातून जंतूंना आत जायला वाट मिळते. ठेवताना निमुळतं टोक खाली, बोथट टोक वर. हवेची पोकळी बोथट टोकाला असते, ती वर राहिली की बलक मध्यभागी राहतो. फ्रीजच्या दारात ठेवू नका. दार दर वेळी उघडतं आणि अंडी हिंदकळतात, तापतात. आतला खालचा कप्पा बरा. उग्र वासाचे पदार्थ शेजारी नकोत, कवच वास ओढून घेतं.

अंडी घातल्याच्या पहिल्या दिवशीच खाण्यायोग्य मिनरल ऑइलचा पातळ हात फिरवला तर छिद्रं बंद होतात आणि ताजेपणा काही आठवडे वाढतो. पण घरात फ्रीज असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही.

पाण्यात टाकून पाहिलं तर खराब अंडं कळतं ना?

वय कळतं, खराबी कळेलच असं नाही. अंडं जुनं होतं तसा आतला ओलावा उडतो आणि हवेची पोकळी मोठी होते. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, दोन-तीन आठवड्यांचं एका टोकावर उभं राहू लागतं, फार जुनं तरंगतं. तरंगणारं प्रत्येक अंडं सडलेलंच असतं असं नाही, पण घरच्या कामासाठी ते टाकून दिलेलं बरं. उलट, तळाशी बसलेलं अंडं जंतुविरहित आहे याची हमी ही परीक्षा देत नाही. सॅल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू अंड्यात असला तरी ते ना तरंगतं ना वास मारतं. जुनी-नवी अंडी वेगळी करायला ही परीक्षा वापरा, तेवढंच. आणि पाण्यातून काढलेली अंडी धुतलेलीच समजा.

खरी पारख वाटीत होते. एकेक अंडं छोट्या वाटीत फोडा, बघा, वास घ्या, मग मोठ्या पातेल्यात ओता. मी एकदा बारा अंडी सरळ पातेल्यात फोडत होते. अकरा झाली होती. बारावं झुडपाखाली सापडलेलं, तारीख नसलेलं. कवचाला सुरीचा टोला बसताच 'फट्' असा आवाज झाला, राखाडी हिरवट पाणी सगळ्या बलकांवरून पसरलं आणि त्या वासाने स्वयंपाकघरात थांबवेना. अकरा चांगली अंडी गेली. तेव्हापासून वाटी कधी चुकली नाही, आणि झुडपाखालचं अंडं घरात येतच नाही.

ताजी अंडी उकडली की सोलताना पांढरा भाग कवचाला चिकटून निघतो. माझं काय चुकतं?

काही नाही, अंडी फार ताजी आहेत. ताज्या अंड्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो पुढे छिद्रांतून हळूहळू निघून जातो. तो असेपर्यंत पांढरा भाग कमी अल्कधर्मी राहतो आणि शिजताना आतल्या पापुद्र्याला घट्ट धरतो. म्हणून उकडण्यासाठी आठ-दहा दिवसांपूर्वीची तारीख शोधा. ताजीच उकडायची असतील तर गार पाण्यात ठेवून गॅस लावू नका. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या, मग अंडी अलगद सोडा, किंवा चाळणीवर ठेवून वाफवा. दहा-बारा मिनिटांनी थेट बर्फाच्या पाण्यात. पूर्ण गार झाल्यावर बोथट टोकाकडून सोला, तिथे पोकळी असल्याने बोट शिरायला जागा मिळते.

उकडलेली अंडी, सोललेली असोत वा नसोत, फ्रीजमध्ये आठवडाभरच ठेवा. गोठवू तर मुळीच नका. पांढरा भाग रबरासारखा होतो आणि पाणी सुटतं.

कच्ची अंडी फ्रीझरमध्ये कशी ठेवायची?

जास्तीच्या अंड्यांवरचा मला सर्वात भरवशाचा वाटणारा उपाय हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कवचासकट गोठवायचं नाही. आतलं पाणी गोठताना फुगतं आणि कवच तडकतं. तडकलेलं अंडं मग खाण्याच्या कामाचं राहत नाही.

अख्खं अंडं गोठवायचं तर वाटीत फोडून तपासा, पातेल्यात घ्या, आणि काट्याने बलक व पांढरा भाग एकजीव होईपर्यंत हलवा. फेस येऊ द्यायचा नाही, हवा शिरली की वरचा थर कोरडा पडतो. मग गाळणीतून गाळा. गाठी मोडतात आणि कवचाचा चुकार तुकडा वरच राहतो. मोठ्या आकाराची पाच अंडी म्हणजे साधारण एक कप. एका कपाला अर्धा छोटा चमचा मीठ किंवा दीड मोठा चमचा साखर मिसळली तर बलक गोठून चिकट होत नाही. नंतर तिखट पदार्थ करायचा की गोड, हे त्या वेळीच ठरवावं लागतं, आणि ते डब्यावर लिहावं लागतं. 'मीठ घातलेलं' हे लिहायचं राहिलं तर सहा महिन्यांनी केक खारट होतो.

मोजमाप सोपं आहे: फेटलेल्या मिश्रणाचे तीन मोठे चमचे म्हणजे एक अंडं. मी बर्फाच्या मोठ्या साच्यात ओतते, गोठल्यावर वड्या काढून पिशवीत भरते. आधी साच्याच्या एका खणात किती चमचे पाणी मावतं ते मोजून घ्या, म्हणजे एका अंड्याला किती वड्या लागतील ते कळेल. पिशवीतली हवा दाबून काढा आणि तारीख टाका.

नुसता पांढरा भाग सर्वात सोपा. काही न मिसळता गोठतो, आणि सुटल्यावर, म्हणजे बर्फ वितळल्यावर, नेहमीच्या तापमानाला आला की छान फेसाळतो. एक पांढरा म्हणजे दोन मोठे चमचे. नुसता बलक मात्र तसाच गोठवला तर जेलीसारखा घट्ट होतो आणि सुटल्यावरही पूर्ववत होत नाही. चार बलकांना चिमूटभर, म्हणजे छोट्या चमच्याचा आठवा हिस्सा, मीठ किंवा दीड छोटा चमचा साखर मिसळा, मग ठेवा.

अशी अंडी वर्षभर चालतात. वापरायच्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवा, ओट्यावर सुटू देऊ नका. सुटलेली अंडी एक-दोन दिवसांत संपवा, पुन्हा गोठवू नका, आणि नीट शिजेल अशाच पदार्थात वापरा.

एका दमात बरीच अंडी खपतील असं काय करता येईल?

पाककृतींच्या मागे धावण्याआधी घरातलं एक अडचणीचं वास्तव: आपल्या कोंबड्यांची अंडी सारख्या आकाराची नसतात. तलंगेचं पहिलं अंडं ४० ग्रॅमचं असू शकतं आणि तिच्याच शेजारणीचं ७० चं. पाककृतीत 'चार अंडी' लिहिलेलं असतं ते कवचाशिवाय साधारण ५० ग्रॅमच्या अंड्यांच्या हिशेबाने. म्हणून मोजू नका, वजन करा.

या घोळावर एक जुना केक फार उपयोगी पडतो. अंडी कवचासकट तराजूवर ठेवा. समजा चार अंड्यांचं वजन २१२ ग्रॅम भरलं, तर २१२ ग्रॅम लोणी, २१२ ग्रॅम साखर आणि २१२ ग्रॅम मैदा घ्या. मैद्यात दोन छोटे चमचे बेकिंग पावडर. लोणी नरम हवं, बोट सहज रुतेल इतकं. लोणी आणि साखर पांढुरकी, हलकी होईपर्यंत फेसा, अंडी एकेक करून घाला, मैदा अलगद मिसळा. दोन उथळ टिनांत १८० अंशांवर २५ मिनिटांच्या आसपास. अंडी कितीही लहान-मोठी असोत, प्रमाण चुकत नाही. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर घाबरू नका, अंडी फ्रीजमधून थेट घातलेली असतात. चमचाभर मैदा घाला, जुळून येतं.

भाजलेलं कस्टर्ड हा दुसरा मार्ग: अर्धा लिटर दूध, चार अंडी, ७५ ग्रॅम साखर. दूध गरम करून फेटलेल्या अंड्यांवर धारेने ओता, गाळा, गरम पाण्याच्या ट्रेमध्ये भांडं ठेवून १६० अंशांवर भाजा. मधला भाग हलका थरथरत असतानाच बाहेर काढा, पुढचं शिजणं आतल्या उष्णतेवर होतं. जास्त भाजलं की जाळी पडते आणि पाणी सुटतं.

आठवड्याच्या न्याहारीसाठी दहा-बारा अंडी फेटून, परतलेल्या भाज्या घालून मफिनच्या साच्यात भाजा. गार करून गोठवा, दोन-तीन महिने राहतात. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं घालून मळलेले नूडल्सही चांगले गोठतात. ताजे नूडल्स बाहेर वाळवत ठेवण्यापेक्षा गोठवलेले सुरक्षित.

नुसते पांढरे उरले. किंवा नुसते बलक.

एकाला दुसऱ्याची जोड द्या. बलक आईस्क्रीमच्या कस्टर्डमध्ये (अर्ध्या लिटरला पाच-सहा) किंवा लेमन कर्डमध्ये जातात, आणि त्याच अंड्यांच्या पांढऱ्यांचं मेरँग, म्हणजे साखर घालून फेसलेला आणि मंद आचेवर वाळवलेला गोड पदार्थ, होतं. एका पांढऱ्याला ५० ते ६० ग्रॅम साखर, १०० अंशांवर दीड-दोन तास. भाजण्यापेक्षा हे वाळवणंच आहे. ताज्या पांढऱ्याचा फेस उशिरा येतो पण टिकतो, जुन्याचा झटकन येतो आणि लवकर बसतो. मेरँगसाठी मी आठवड्याच्या आसपासची तारीख बघते. भांड्याला तेलाचा हात किंवा बलकाचा थेंब लागलेला असेल तर फेस धरतच नाही.

अंडी व्हिनेगरमध्ये घालून बाहेर ठेवता येतील का?

व्हिनेगरमध्ये घालता येतात, बाहेर ठेवता येत नाहीत. पूर्ण उकडलेली, सोललेली, अख्खी अंडी स्वच्छ उकळलेल्या बरणीत घ्या, ५ टक्के आम्लाच्या व्हिनेगरचं उकळतं मिश्रण त्यांच्यावर ओता, झाकण लावा आणि फ्रीजमध्ये ठेवा. लहान अंडी एक-दोन आठवड्यांत मुरतात, मोठ्यांना दोन ते चार लागतात. तीन-चार महिन्यांत संपवा.

मुरावं म्हणून अंड्याला टोचे मारू नका. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९९७ साली एका ६८ वर्षांच्या गृहस्थांना घरी केलेल्या अशा अंड्यांतून बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणारी गंभीर विषबाधा, झाला. अंडी टूथपिकने टोचलेली होती आणि बरणी नेहमीच्या तापमानाला, अधूनमधून उन्हात, ठेवलेली होती. टोचल्यामुळे जिवाणू बलकात पोचले. बलकाच्या मध्यापर्यंत आम्ल जायला वेळ लागतो, तिथे हवा नसते, आणि उबेत विष तयार होतं. या विषाने श्वासाचे स्नायूही लुळे पडतात. वास किंवा चवीवरून ते ओळखता येत नाही. फ्रीजच्या थंडीत हा धोका टळतो, म्हणून 'पूर्वी बाहेरच ठेवायचे' या म्हणण्यावर जाऊ नका.

चुन्याच्या निवळीत अंडी वर्षभर टिकतात म्हणतात. खरं आहे?

टिकतात, हे खरं आहे. फ्रीज नसलेल्या काळात घरोघर हे चालायचं. लिटरभर पाण्यात साधारण २८ ग्रॅम विझवलेला चुना, त्यात ताजी, न धुतलेली, तडा नसलेली अंडी पूर्ण बुडवून गार जागी ठेवायची. चुना छिद्रं बुजवतो आणि पाणी इतकं अल्कधर्मी असतं की बाहेरचे जंतू त्यात वाढत नाहीत. सोडियम सिलिकेटच्या द्रावणात, म्हणजे वॉटर ग्लासमध्ये, ठेवण्याची रीतही अशीच.

तरी मी ती करत नाही आणि कुणाला सुचवतही नाही. कवच तयार होण्याआधीच, कोंबडीच्या अंडाशयातून सॅल्मोनेला आत आलेला असू शकतो. चुना त्याला काही करत नाही, आणि कच्चं अंडं महिनोन्महिने नेहमीच्या तापमानाला पडून राहतं. आजचे अन्नसुरक्षेचे जाणकारही ही पद्धत नको म्हणतात. ते पाणी हाताच्या कातडीला आणि डोळ्यांना घातक, हेही आलंच. फ्रीझरमधला एक डबा तेच काम बिनघोर करतो.

अंडी वाळवून घरी पूड करता येईल?

नको. घरच्या वाळवणी यंत्राची मंद ऊब जंतू मारायला पुरत नाही, उलट त्यांना बराच वेळ पोसते. कारखान्यात पूड करताना अंडी पाश्चराइझ होतात, घरी ते साधत नाही.

आमच्याकडे कोंबडा आहे. ती अंडी खाल्ली तर चालतात का? आणि रक्ताचा ठिपका दिसला तर?

चालतात. चवीत आणि पोषणात फरक नसतो. फलित अंड्यात पिल्लू वाढायला सलग ऊब लागते. साधारण २० अंशांखाली वाढ सुरूच होत नाही. रोजच्या रोज गोळा करून गार जागी ठेवलीत तर काळजी नाही. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा गोळा करा.

रक्ताचा ठिपका म्हणजे पिल्लू नव्हे. बलक सुटताना कोंबडीची एखादी बारीक रक्तवाहिनी तुटते, त्याचा तो थेंब. सुरीच्या टोकाने काढा, अंडं खा. पांढरा भाग ढगाळ दिसला तर तेही चांगलंच लक्षण, अंडं ताजं आहे.

कोंबड्यांना औषध दिलं आहे. त्या दिवसांची अंडी?

जंताचं औषध असो वा प्रतिजैविक, किती दिवस अंडी खायची नाहीत हे वेष्टनावर लिहिलेलं असतं, नाहीतर पशुवैद्यकाला विचारा. तेवढ्या दिवसांची अंडी खाऊ नका, कुणाला देऊ नका, गोठवूही नका. कोंबड्यांनाही खायला घालू नका. फेकताना जीव तुटतो, मला ठाऊक आहे. तरी फेका.

शेजारीपाजारी, ओळखीचे यांना देताना काय पाहावं?

स्वतःच्या घरात ठेवतो त्याहून चांगली अंडी द्यावीत. आठवड्याच्या आतली, स्वच्छ, तडा नसलेली. टॉर्चच्या उजेडासमोर धरलं की केसाएवढा तडाही दिसतो. धुतलेली की न धुतलेली हे सांगा, तारीख दाखवा. घरात लहान बाळ, गरोदर बाई, म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर बलक घट्ट होईपर्यंत शिजवा असंही सांगा. अंड्याच्या पदार्थाच्या आतपर्यंत ७१ अंश पोचले की सॅल्मोनेला मरतो. कुणाला अंड्याची ॲलर्जी आहे का, हे केक देताना विचारायचं राहून जातं. पैसे घेऊन विकायची असतील तर आपल्या भागातले नियम आधी पाहून घ्या, जागोजागी ते वेगळे असतात.

कोंबड्यांनाच परत खायला घातली तर?

शिजवून, कुस्करून, जरूर. पिसं गाळताना त्यांना प्रथिनं जास्त लागतात, कारण पीस म्हणजे बहुतांशी प्रथिनच. कच्चं अंडं मात्र पुढ्यात फोडू नका. एकदा चव कळली की त्या घरट्यातली अंडी टोचून खायला शिकतात, आणि ती सवय मोडणं फार अवघड. कुत्र्या-मांजरालाही शिजवूनच द्या. कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन असतं, ते बायोटिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू देत नाही.

टरफलं टाकू नका. प्रत्येक कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. कवच मुख्यतः रात्री बनतं, कोंबडी काही खात नसताना, आणि आहारात कॅल्शियम कमी पडलं तर ती ते स्वतःच्या हाडांतून काढते. टरफलं ओव्हनमध्ये दहा मिनिटं भाजा, अंड्यासारखी दिसणार नाहीत इतकी बारीक कुटा आणि वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला हवं ती खाते. खतात टाकायची असतील तरी कुटून टाका, अख्खी टरफलं वर्षानुवर्षं तशीच राहतात.

अंडी येणंच कमी करता येईल का?

कृत्रिम दिवा लावत असाल तर बंद करा. दिवस लहान झाले की त्या आपोआप विसावा घेतील. एखादी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, आणि फलित अंडी असतील तर तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवून तिला रवणाला बसवा, २१ दिवसांत पिल्लं. पण पुढच्या वर्षी अंडी आणखी वाढतील, शिवाय निम्मे कोंबडे निघतील, हे आधीच धरून चाला. खाद्य किंवा पाणी तोडून अंडी कमी करू नका. ती कोंबडीची उपासमार आहे.

पिसं गाळायला लागल्या. दीड महिना झाला, एक अंडं नाही. काही आजार आहे का?

मान उघडी पडली असेल, खुराडं पिसांनी भरलं असेल, पण त्या चालत-फिरत, खात-पीत असतील तर आजार नाही. दोन-तीन महिने लागतात. या काळात प्रथिनं वाढवा, उचलून हाताळू नका, नवी पिसं रक्ताने भरलेली आणि हळवी असतात. आणि फ्रीझर उघडा. सर्वात जुन्या तारखेची पिशवी आधी काढा, मीठ घातलेली ऑम्लेटला, साखर घातलेली कस्टर्डला, आणि रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटायला ठेवा.